दुसऱ्या तोफेवरचा खलाशी

१४ जानेवारी १८६४. मलबार किनाऱ्यासमोर 'एमा जेन' नावाचं अमेरिकन शिडाचं जहाज जळत होतं. मुंबईहून ते ब्रह्मदेशातल्या अ‍ॅम्हर्स्ट बंदराकडे निघालं होतं. पोटात माल नव्हता, तोल राखायला नुसतं वजन भरलेलं. त्यामुळे जाळणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. जाळणारेही अमेरिकनच होते, निदान झेंड्यापुरते तरी. त्यांच्या जहाजाचं नाव 'अलाबामा'. 'एमा जेन'च्या खलाशांना त्यांनी त्रावणकोर किनाऱ्यावरच्या अंजेंगोला उतरवलं आणि ते आफ्रिकेच्या दिशेने निघून गेले.

आपल्याकडे अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं नाव निघतं ते कापसामुळे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा अमेरिकन कापूस अडला आणि गुजरात-खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीच्या कमाईवर आठ कोटी दहा लाख पौंड जादा आले, असा हिशेब त्या काळापासून सांगितला जातो. प्रेमचंद रायचंद, बॅक बेचा भराव, शेअरचा सट्टा आणि १ जुलै १८६५ ला फुटलेला फुगा, यांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. पण ती सगळी शेटजींची आणि दलालांची गोष्ट. ज्या युद्धाने त्यांची तिजोरी भरली, ते समुद्रावर कोण लढत होतं, याची आपण फारशी चौकशी केलेली नाही. 'अलाबामा'ला शेवटी बुडवणाऱ्या जहाजावर जोआकिम पीझ नावाचा एक कृष्णवर्णीय खलाशी होता. त्या लढाईतल्या कामगिरीबद्दल त्याला अमेरिकेचं 'मेडल ऑफ ऑनर' हे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालं. ही गोष्ट त्याची. मात्र त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी 'अलाबामा' समजून घ्यायला हवी.

दक्षिणेकडे कापूस होता, गुलाम होते, नौदल मात्र जवळजवळ नव्हतंच. म्हणून त्यांनी इंग्लंडमध्ये जहाजं बांधून घेतली. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड इथे लेअर्ड कंपनीच्या गोदीत २९० क्रमांकाचं एक जहाज तयार होत होतं. इंग्लंड तटस्थ असल्यामुळे लढाऊ जहाज बांधून देणं कायद्यात बसत नव्हतं. तेव्हा कागदावर ते साधं जहाज राहिलं. जुलै १८६२ च्या अखेरीस चाचणी फेरीच्या नावाखाली पाहुण्यांना घेऊन ते बाहेर पडलं. पाहुण्यांना दुसऱ्या बोटीतून परत पाठवलं आणि जहाज गेलं ते गेलंच. अझोर्स बेटांजवळ त्यावर तोफा चढल्या आणि २४ ऑगस्टला दक्षिणेचा झेंडा लागला. अधिकारी दक्षिणेचे, खलाशी बहुतेक लिव्हरपूलच्या गोदीवरचे, आणि कप्तान राफाएल सेम्स.

सेम्स हुशार होता, दांडगं वाचन असलेला होता, कायदा शिकलेला होता. जहाज पकडलं की तो त्याचे कागद तपासायचा, न्यायाधीशासारखा निवाडा द्यायचा आणि मग ते पेटवून द्यायचा. २२ महिन्यांत त्याने पासष्टच्या आसपास जहाजं पकडली. त्यांतली बहुतेक जाळली. त्याच्या धाकाने अमेरिकन मालकांनी आपली जहाजं धडाधड इंग्रजांच्या नावावर करून टाकली. १८६३ च्या डिसेंबरात तो सिंगापूरला पोचला तेव्हा वीसेक अमेरिकन जहाजं भीतीने बंदरात नांगर टाकून बसलेली त्याला दिसली. न लढता मिळालेला हा विजय जाळलेल्या जहाजांपेक्षा मोठा होता.

ऑक्टोबर १८६२ मध्ये सेम्सने अटलांटिकमध्ये 'टोनावांडा' नावाचं उतारूंचं जहाज अडवलं. त्यावर डेव्हिड व्हाइट हा डेलावेअरचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. वय सतराच्या आसपास. तो मालकासोबत प्रवास करत होता, कारण तो मालकाचा गुलाम होता. डेलावेअर उत्तरेच्या बाजूने लढत असलं तरी तिथे गुलामगिरी चालू होती. सेम्सने बाकी उतारूंना सोडलं, जहाजही खंडणीचा कागद लिहून घेऊन सोडलं, पण या मुलाला शत्रूचा माल म्हणून ठेवून घेतलं. युद्धाच्या कायद्यात मालाला जो शब्द होता तोच माणसाला लागला. पुढे व्हाइट अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर वाढायला राहिला. सेम्सने आठवणींत लिहिलंय की मुलगा मजेत होता, त्याला पगार मिळत होता, बंदरात उतरायची मोकळीक होती आणि तरी तो पळाला नाही. सेम्स असं लिहिणारच. परक्या बंदरात, ओळखपाळख नसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराने पळून कुणाकडे जायचं, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. व्हाइटने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारंही कुणी नाही.

आता दुसरं जहाज. 'कीअरसार्ज' हे उत्तरेच्या नौदलाचं वाफेवर आणि शिडांवर चालणारं जहाज १८६१ मध्ये किट्टरीच्या सरकारी गोदीत बांधलं गेलं आणि जानेवारी १८६२ मध्ये कामावर रुजू झालं. त्याला युरोपच्या पाण्यात पाठवलं ते मुळात सेम्सच्याच मागावर. तेव्हा सेम्स 'सम्टर' नावाच्या जहाजावर होता. ते जिब्राल्टरला अडकून पडलं, सेम्स ते तिथेच सोडून निघून गेला आणि काही महिन्यांत 'अलाबामा' घेऊन पुन्हा समुद्रावर आला. १८६३ च्या एप्रिलपासून 'कीअरसार्ज'चा कप्तान जॉन विन्स्लो होता. एका डोळ्याने अधू, तब्येतीने बेताचा, धर्मभीरू आणि गुलामगिरीचा मनापासून तिटकारा असलेला. सेम्सला तो चांगला ओळखत होता. मेक्सिकोच्या युद्धात दोघांनी एकाच जहाजावर एका खोलीत दिवस काढले होते. गंमत अशी की विन्स्लोचा जन्म दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा आणि सेम्सचा उत्तरेला चिकटून राहिलेल्या मेरीलँडचा.

'कीअरसार्ज'वर एकूण १६३ माणसं होती आणि त्यांत पीझसारखे काही कृष्णवर्णीय खलाशी होते. त्यांतल्या चार्ल्स फिशरने रोजनिशी ठेवली, ती आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. सरकारी कागदात पीझचा जन्म न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा लिहिलेला आहे. काही अभ्यासकांच्या मते तो केप व्हर्डेमधल्या फोगो बेटाचा होता, आणि जोआकिम हे पोर्तुगीज वळणाचं नाव पाहता हे अगदीच अशक्य वाटत नाही. त्या बेटांवरचे कितीतरी तरुण देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या अमेरिकन जहाजांवर चढायचे आणि मग अमेरिकेचेच होऊन जायचे.

पीझची नोंद 'सीमन' अशी आहे. हा हुद्दा साधा वाटतो, पण तसा नाही. उत्तरेच्या लष्कराने १८६२ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या हाती बंदूकच दिली नव्हती. नौदलात मात्र ते आधीपासून होते आणि गोऱ्यांबरोबर एकाच जहाजावर राहत, जेवत, लढत होते. युद्धकाळात त्यांची संख्या १८ हजारांच्या घरात गेली. पण मळ्यांवरून पळून आलेल्या गुलामांना भरती करताना नौदल खात्याने सप्टेंबर १८६१ मध्ये अट घातली होती की त्यांना 'बॉय'च्या वरचा हुद्दा द्यायचा नाही. पगार महिना दहा डॉलर आणि एका माणसाचा शिधा. चाळिशीचा बाप्याही वहीत 'बॉय'च. पुढे ही अट सैल झाली, तरी बहुतेकांना खालच्याच पायऱ्यांवर ठेवलं गेलं. 'सीमन' म्हणजे शीड बांधता येतं, सुकाणू धरता येतं, तोफ चालवता येते असा पुरता मुरलेला दर्यावर्दी. पीझ त्या पायरीवर होता, तो कामाच्या जोरावर.

११ जून १८६४ ला 'अलाबामा' फ्रान्सच्या शेरबूर बंदरात आली. तिचा तळ शेवाळाने माखलेला, बाहेरचा तांब्याचा पत्रा सोललेला, बॉयलर थकलेले. दोन वर्षं समुद्र पालथा घातल्यावर दुसरं काय व्हायचं? पॅरिसच्या अमेरिकन वकिलातीतून विन्स्लोला तार गेली. तो तेव्हा हॉलंडच्या किनाऱ्यावर होता. १४ तारखेला 'कीअरसार्ज' शेरबूरसमोर हजर झाली, पण आत गेली नाही, बाहेर येरझाऱ्या घालत राहिली. सेम्सने मध्यस्थामार्फत निरोप धाडला की कोळसा भरून झाला की मी लढायला बाहेर येतो, तोवर निघून जाऊ नका. खरं तर त्याला गुपचूप राहता आलं असतं. फ्रेंचांनी दुरुस्तीला जागा दिली असती तर महिना-दोन महिने निघाले असते. पण जाळपोळीने मिळालेलं नाव सेम्सला पुरेसं वाटत नव्हतं, असं मला वाटतं. 'समुद्रावरचा चाचा' ही उत्तरेने दिलेली उपाधी त्याला एका खऱ्याखुऱ्या लढाईने पुसायची होती.

तोफांच्या हिशेबात दोन्ही जहाजं जवळपास सारखी. 'अलाबामा'वर आठ, 'कीअरसार्ज'वर सात. पण 'कीअरसार्ज'वर अकरा इंच तोंडाच्या दोन डालग्रेन तोफा होत्या, आणि आणखी एक गोष्ट होती जी बाहेरून दिसत नव्हती. नांगराच्या साखळ्या तिच्या मधल्या भागावर, इंजिन जिथे होतं तिथे, दोन्ही अंगांनी खालीवर ओळीत टांगल्या होत्या आणि वरून लाकडी फळ्या ठोकून रंग दिला होता. ही युक्ती जुनी होती. 'कीअरसार्ज'वर ती वर्षभरापूर्वीच केलेली. लढाई हरल्यावर सेम्सने गळा काढला की चिलखत लपवून आमच्याशी दगाफटका झाला. ज्याने दोन वर्षं इंग्लंडचा खोटा झेंडा दाखवून व्यापारी जहाजं जवळ ओढली, त्याच्या तोंडी ही तक्रार शोभत नाही.

१९ जून, रविवार. बातमी पॅरिसपर्यंत गेली होती. शेरबूरच्या टेकड्यांवर, घरांच्या छपरांवर माणसं जमली होती. 'कीअरसार्ज'वर तपासणी उरकून विन्स्लोने प्रार्थनेला सुरुवात केली आणि साडेदहाच्या आत डोलकाठीवरच्या टेहळ्याने 'अलाबामा' बाहेर पडल्याची हाक दिली. विन्स्लोने प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. नगारा झाला आणि माणसं तोफांवर धावली. पण विन्स्लो लगेच चालून गेला नाही. त्याने जहाज उलट समुद्रात सहा-सात मैल आत नेलं. फ्रान्सच्या हद्दीचा वाद नको, आणि जखमी 'अलाबामा'ला परत बंदरात पळता येऊ नये, हे दोन्ही हेतू. मग जहाज वळलं आणि सरळ 'अलाबामा'च्या रोखाने निघालं.

पीझ दुसऱ्या क्रमांकाच्या तोफेवर लोडर होता. त्या काळच्या तोफा तोंडाकडून भरायच्या. बार उडाला की तोफ मागे यायची. एक जण ओल्या बोळ्याने नळी पुसून घ्यायचा, आत ठिणगी राहिली तर पुढचा दारूचा थैला हातातच पेटायचा. दारू आणणारी पोरं खालच्या कोठारातून चामड्याच्या डब्यांत थैले घेऊन वर यायची. लोडरने थैला तोंडात सारायचा, दुसऱ्याने गजाने तो ठासायचा. मग गोळा. गोळ्याच्या पलित्यावर शिशाची चकती असायची, ती काढायचं काम लोडरचं. काढायला विसरला तर गोळा न फुटता नुसता धोंडा होऊन जायचा. पुन्हा ठासणी, मग दोरांनी ओढून तोफ पुढे, नेम, बार. हे सगळं करताना लोडर तोफेच्या तोंडाशी, म्हणजे जहाजाच्या भिंतीतल्या उघड्या खिडकीशी उभा असायचा. शत्रूचा गोळा आत शिरला तर पहिला त्याच्या अंगावर. घाई केली तर आपलीच दारू जिवावर उठणार, आणि रेंगाळलं तर शत्रूचा पुढचा बार आधी सुटणार. पदकाच्या नोंदीत पीझच्या धाडसाआधी त्याच्या थंड डोक्याचा उल्लेख आहे, तो यासाठी.

११ वाजायला ३ मिनिटं असताना 'अलाबामा'ने पहिला बार काढला, मैलभराच्या अंतरावरून. दुसराही काढला. 'कीअरसार्ज'च्या तोफा भरलेल्या होत्या, पण हुकूम नव्हता. जहाज पुढे सरकत राहिलं आणि गोळे डोक्यावरून, दोरखंडांमधून जात राहिले. तोफेला हात लावून, उत्तर न देता गोळे झेलत उभं राहणं, हाच बहुधा त्या तासातला सगळ्यात कठीण भाग असावा. नऊशे यार्डांवर आल्यावर विन्स्लोने जहाज आडवं घेतलं आणि उजव्या अंगाच्या तोफा सुरू झाल्या.

विन्स्लोला 'अलाबामा'ला ओलांडून तिच्या पाठीमागे जायचं होतं, सेम्सला ते होऊ द्यायचं नव्हतं. त्यामुळे दोन्ही जहाजं एकमेकांभोवती गोल फिरू लागली. प्रवाह त्यांना पश्चिमेकडे ओढत होता आणि अशी सात आवर्तनं झाली. 'अलाबामा'ने साडेतीनशेहून जास्त गोळे सोडले, 'कीअरसार्ज'ने १७३. सेम्सचे गोलंदाज भराभर आणि उंच मारत होते. विन्स्लोने आधीच सांगून ठेवलं होतं की मोठ्या तोफांचा नेम पाण्याच्या रेषेवर किंवा त्याखाली, लहान तोफांचा डेकवर. शिवाय 'अलाबामा'ची दारू दोन वर्षं समुद्राच्या दमट हवेत राहून उतरली होती. तिचा सगळ्यात मोठा गोळा 'कीअरसार्ज'च्या मागच्या टोकाला, सुकाण्याच्या खांबात घुसला आणि तिथेच राहिला. फुटला नाही. तो फुटला असता तर आज हा लेख बहुतेक सेम्सवर लिहावा लागला असता. खांबाचा तो तुकडा गोळ्यासकट कापून पुढे वॉशिंग्टनला पाठवला गेला. अजूनही तो तिथे पाहायला मिळतो.

'कीअरसार्ज'चं नुकसान किती? मागच्या मोठ्या तोफेजवळ एक गोळा फुटला आणि तिघे जखमी झाले. त्यांतला विल्यम गोविन हा पाय मोडलेला असताना स्वतःच सरपटत खाली उतरायच्या जागेपर्यंत गेला. सोबत्यांनी तोफ सोडून आपल्याला उचलायला येऊ नये म्हणून. काही दिवसांनी शेरबूरच्या इस्पितळात तो गेला. त्या जहाजाचा लढाईतला मृत्यू तेवढाच.

तासाभरात 'अलाबामा'चं पोट फाटलं होतं. पाणी इंजिनापर्यंत आलं, झेंडा उतरला. त्यानंतरही 'कीअरसार्ज'कडून काही गोळे गेले. विन्स्लोचं म्हणणं, ही हूल वाटली. दक्षिणेच्या लोकांनी हे त्याला कधी माफ केलं नाही. सेम्सने तलवार समुद्रात फेकली आणि उडी मारली. १२ वाजून २४ मिनिटांनी 'अलाबामा' मागच्या बाजूने पाण्यात गेली. जवळच 'डिअरहाउंड' नावाची एका इंग्रज श्रीमंताची बोट होती. तिने सेम्ससह चाळीसेक जणांना उचललं आणि विन्स्लोकडे सोपवण्याऐवजी थेट साउदॅम्प्टन गाठलं. तिथे सेम्सला मेजवान्या मिळाल्या, तलवारीच्या बदल्यात नवी तलवार मिळाली.

बुडालेल्यांत 'अलाबामा'चा साहाय्यक डॉक्टर डेव्हिड लुएलिन होता. जखमींना होडीत जागा दिली आणि स्वतः मागे राहिला, पोहता येत नव्हतं. इंग्लंडमध्ये त्याच्या गावच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची शिळा आहे. डेव्हिड व्हाइटलाही पोहता येत नव्हतं. तोही त्याच दिवशी, त्याच पाण्यात गेला. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, माल म्हणून धरलेल्या अवस्थेत. समोरच्या जहाजावर, काही शे यार्डांवर पीझ तोफ भरत होता. एकाच युद्धातली दोन कृष्णवर्णीय माणसं, आणि दोघांना एकमेकांचं अस्तित्व ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. 'कीअरसार्ज'चा एक गोळा जिथे लागला, तिथे व्हाइटचाही जीव होता, हे लिहिताना हात अडखळतो. पण मुक्तीची लढाई म्हणून जे लढलं गेलं, त्याचा हिशेब असाच आहे.

'कीअरसार्ज' नोव्हेंबर १८६४ मध्ये बोस्टनला परतली. विन्स्लोला कमोडोरचा हुद्दा आणि काँग्रेसचे आभार मिळाले. ३१ डिसेंबरच्या आदेशात तिच्या सतरा खलाशांना मेडल ऑफ ऑनर जाहीर झालं. नौदलासाठी हे पदक लिंकनच्या सहीने डिसेंबर १८६१ मध्ये निर्माण झालं आणि ते फक्त खलाशी व मरीन शिपायांसाठी होतं; नौदलाच्या अधिकाऱ्यांना ते १९१५ पर्यंत मिळूच शकत नव्हतं. त्यामुळे या यादीत कप्तान नाही. यादीत आहेत ते तोफ भरणारे, नेम धरणारे, सुकाणू सांभाळणारे. पीझची शिफारस त्याच्या विभागाच्या अधिकाऱ्याने केली होती, आणि तो जहाजावरच्या उत्तम माणसांपैकी एक असल्याचं नमूद केलं होतं. इतिहासात त्याच्याविषयी ठाम असं जे उरलं आहे, ते या काही ओळींतच.

'अलाबामा'चं प्रकरण मात्र संपायला आठ वर्षं लागली. तटस्थ असूनही जहाज बांधू दिलं म्हणून अमेरिकेने इंग्लंडकडे भरपाई मागितली. जिनिव्हाच्या लवादाने सप्टेंबर १८७२ मध्ये एक कोटी पंचावन्न लाख डॉलरचा निवाडा दिला आणि इंग्लंडने ती रक्कम मुकाट्याने भरली. देशांमधले तंटे लवादाने मिटवण्याचं हे सुरुवातीचं मोठं उदाहरण म्हणून आजही शिकवलं जातं. बुडालेलं जहाज १९८४ मध्ये फ्रेंच नौदलाला शेरबूरसमोर साठेक मीटर खोलीवर सापडलं.

या लढाईचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने काढलं. लढाई त्याने डोळ्यांनी पाहिली नव्हती, बातम्या वाचून महिन्याभरात कॅनव्हास पुरा केला. चित्र आता फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला ते पाहायला मिळालं तर एवढं ध्यानात ठेवा: मधोमध बुडताना दिसते ती सेम्सची 'अलाबामा'. 'कीअरसार्ज' तिच्या मागे धुरात जवळजवळ लपलेली आहे, आणि पीझची तोफ त्या धुराच्याही पलीकडे आहे.